जुनी हत्यारं जमवणं आणि घरी दुरुस्त करणं: गोव्यातल्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे आजोबा मेस्त, म्हणजे सुतार, होते. वडिलांच्या पिढीत घरातलं मेस्तकाम थांबलं आणि आजोबांची पेटी फोंडा तालुक्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावर जाऊन बसली. ती मी खाली काढली तेव्हा आतल्या पटाश्या एकमेकींना गंजाने चिकटलेल्या होत्या. त्या सोडवता सोडवता जे शिकलो, आणि नंतर दुसऱ्यांच्या पेट्या उघडताना जे कळलं, ते इथे प्रश्नोत्तरांत मांडतो आहे.

सुरुवात कुठून करावी?

घरातून. विकत घ्यायच्या आधी माळा, मांगर, न्हाणीमागची अडगळ आणि जुन्या लाकडी पेट्या बघा. आजी, काकू, आत्या यांना विचारा. घरात मेस्त कधी येत होता, कुठे बसून काम करायचा, काही मागे ठेवून गेला का, हे त्यांच्या लक्षात असतं. पहिल्यांदा हात घालायला एक पटाशी पुरे. पटाशीत जोड नाहीत, स्क्रू नाहीत, फक्त पोलाद आणि मूठ, त्यामुळे गंज, धार आणि लाकूड हे तिन्ही धडे एकाच वस्तूवर होतात. ती नीट जमली की रंधा घ्या. करवत सगळ्यात शेवटी.

गोव्यात अशी हत्यारं मिळतात कुठे?

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे लवकर पोचावं लागतं आणि पुष्कळदा रिकाम्या हातानेच परत यावं लागतं. हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात वस्तू दिसतात, पण भाव पर्यटकांचे. माझा अनुभव असा की चांगली हत्यारं भंगारवाल्याकडे मिळतात. तिथे लोखंड किलोवर जातं आणि इंग्लंडमधल्या शेफील्डची पटाशी व वाकडा खिळा एकाच तराजूत पडतात. भंगारवाल्याशी ओळख ठेवा. जुनं घर मोडून आलं की आधी मला सांगा, एवढं त्याला सांगून ठेवलं तरी काम होतं.

मेस्ताच्या घरून घेणार असाल तर घाई करू नका. ज्याने ती हत्यारं वापरली त्याची बायको, मुलगा, सून समोर बसलेली असतात. भंगाराच्या भावाने मागू नका. आणि पेटी अख्खी मिळत असेल तर अख्खीच घ्या. चांगल्या चार वस्तू वेचून उरलेली तिथेच टाकली, तर ती उरलेली नक्की भंगारात जाते.

घेताना काय बघायचं?

खिशात एक छोटी कानस ठेवा. पटाशीच्या किंवा रंध्याच्या पात्याच्या टोकाजवळ, कडेवर ती हलकेच फिरवा. कानस घसरली तर पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, शाबूत आहे. ती सहज खात असेल तर पातं कधीतरी तापून मऊ पडलेलं आहे, किंवा ते पहिल्यापासून साधं लोखंड आहे.

मग पात्याची सपाट बाजू पाहा, म्हणजे जिला उतार नाही ती. तिथे टोकाच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये गंजाचे खोल खड्डे असतील तर ती पटाशी सोडा, कारण खड्डा धारेपर्यंत आला की तिथे धार तुटते. वरच्या बाजूचे खड्डे चालतात. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, रंध्याचा तळ उलटा करून पात्याच्या फटीच्या दोन्ही कोपऱ्यांशी तडा आहे का ते उजेडात बघा. बीड ठिसूळ असतं आणि पडलं की तिथेच फुटतं. करवत डोळ्यासमोर धरून तिच्या पाठीच्या रेषेत बघा: नुसता बाक काढता येतो, चुणी पडलेली असेल तर सोडून द्या. मूठ फुटलेली, दांडा नसलेला, रंग गेलेला, या कारणांसाठी कुठलंही हत्यार नाकारू नका.

शिक्क्यावरून वय कळतं का?

पुष्कळदा अंदाज येतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पातं पुसून तिरक्या उजेडात धरा, शिक्का वर येतो. पॉलिश पेपर मारायच्या आधी हे करायचं, कारण पेपरखाली पहिला जातो तो शिक्काच.

'कास्ट स्टील' असं ठोकलेलं दिसलं तर बिडाची वस्तू समजून टाकू नका. ते मुशीत वितळवून ओतलेलं उत्तम पोलाद. ही पद्धत १७४० च्या दशकात शेफील्डला बेंजामिन हंट्समनने बसवली आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षं चांगल्या पटाश्यांवर हे दोन शब्द मिरवत राहिले. अशी पटाशी मिळाली तर जपा.

देशाचं नावही खूण देतं. परदेशी मालावर मूळ देशाचं नाव असलंच पाहिजे हा अमेरिकेचा नियम १८९१ पासून लागू झाला आणि त्यानंतर 'इंग्लंड' हा शब्द शेफील्डच्या मालावर सर्रास दिसू लागला. नुसतं 'शेफील्ड' असेल तर वस्तू त्याआधीची असू शकते, पण तेवढ्यावर पैज लावू नका. 'वेस्ट जर्मनी' मात्र पक्कं: १९४९ नंतरचं आणि १९९० च्या आधीचं.

अमेरिकेच्या स्टॅन्ली कंपनीच्या बिडाच्या रंध्यात पातं बसतं त्या तिरक्या बैठकीमागे पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. पेटंटची तारीख म्हणजे रंधा बनल्याची तारीख नव्हे. तीन तारखा असून शेवटची १९१० ची असेल तर रंधा साधारण १९१० ते १९१८ मधला. ४ नंबरचा रंधा सुमारे नऊ-पावणेदहा इंच लांब, ५ नंबरचा चौदा इंच, ७ नंबरचा बावीस इंच. घरकामाला ४ आणि ५ पुरतात. निळ्या रंगाचा 'रेकॉर्ड' कंपनीचा रंधा मिळाला तर तो इंग्लंडचा, पण तितकाच भरवशाचा.

आपल्याकडच्या पेट्यांत जर्मन आणि स्वीडिश माल निघतो याचं नवल वाटू नये. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य होतं आणि युरोपातला माल मुरगाव बंदरात थेट उतरायचा. घडीच्या लाकडी पट्टीवर एका बाजूलाही इंच नाही, फक्त सेंटिमीटर, अशी पट्टी एका पेटीत मला मिळाली. पोर्तुगालने मेट्रिक माप १८५२ मध्ये स्वीकारलं होतं, मुंबईचा सुतार मात्र तेव्हा आणि पुढे शंभर वर्षं इंचात मोजत होता. त्या पट्टीच्या पहिल्या दहा सेंटिमीटरवरचे आकडे अंगठ्याने पार पुसले गेले आहेत.

गंज काढायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

गंज किती आहे त्यावर ठरतं, आणि सौम्य उपाय आधी.

वरवरचा लाल गंज असेल तर रॉकेल आणि स्टील वूल, किंवा ४०० नंबरचा वॉटर पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. ठोकळा हवाच. नुसत्या बोटांनी घासलं की कडा गोल होतात. काळा, घट्ट थर चमकेपर्यंत काढायची गरज नाही. लाल गंज खात जातो, काळा थर बराचसा पोलादाला झाकून ठेवतो.

थर जाड असेल तर सायट्रिक ॲसिड. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या टपात. दर तासाने बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासायचं. बहुतेक कामं चार-सहा तासांत उरकतात. साधं व्हिनेगरही चालतं, त्याला रात्र लागते. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, लगेच कोरडं करा आणि लगेच तेल लावा. 'लगेच' हा शब्द मी दोनदा लिहिला, कारण आपल्या हवेत स्वच्छ झालेलं ओलं पोलाद दहा मिनिटांत पुन्हा पिवळं पडतं.

एका चवथीच्या आदल्या दिवशी मी दोन पटाश्या व्हिनेगरमध्ये ठेवल्या आणि गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायच्या गडबडीत विसरलो. पाचव्या दिवशी आठवण झाली. गंज गेला होता, पण पोलादाची त्वचाही गेली होती. पृष्ठभाग राखाडी, खडबडीत, शिक्का नाहीसा. त्यातली एक आजोबांची होती. तेव्हापासून टपाशेजारी कागदावर वेळ लिहून ठेवतो.

आजी कोयत्याचा गंज बिंबलांनी काढायची. पिकायला आलेली बिंबलं ठेचून पात्यावर थापायची, तासाभराने नारळाच्या सोडणाने घासायची. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं, म्हणून हे काम करतं. परसात झाड असेल तर करून बघा, वरच्या गंजाला छान लागू पडतं. त्याचाही नंतर सोडा आणि तेल चुकवू नका.

संडास साफ करायचं ॲसिड या कामाला अजिबात आणू नका. ते हत्यार खातंच, शिवाय त्याच्या वाफेने खोलीतल्या बाकीच्या लोखंडालाही गंज धरतो. आणि करवतीला कुठल्याच आम्लात बुडवू नका. पातळ, ताणलेलं पोलाद आम्लाने ठिसूळ होऊ शकतं.

वीज लावून गंज काढतात ते घरी करता येतं का?

येतं, आणि खड्डेदार वस्तूला तीच पद्धत उत्तम, कारण चांगलं पोलाद त्यात खाल्लं जात नाही. प्लास्टिकची बादली, चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक हत्याराला, धन टोक साध्या लोखंडाच्या सळीला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. उलटं जोडलंत तर हत्यारच विरघळेल.

स्टेनलेस स्टीलची सळी कधीही वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ नको, त्याने क्लोरीन निघतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे काम उघड्या अंगणात, पेटत्या चुलीपासून आणि विडीपासून लांब. पाण्यात हात घालायच्या आधी चार्जर बंद. पितळ आणि ॲल्युमिनियम यात घालू नये.

ग्राइंडरवर तारेचा ब्रश किंवा बफ लावून एकदम चकाचक केलं तर?

करू नका. कोपरे गोल होतात, शिक्के जातात, आणि पातं तापलं की गेलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची कोरडी धूळ उडवणं घरातल्या मुलांसाठी धोक्याचं.

स्क्रू हलतच नाही. काय करू?

आधी खाच साफ करा, मग खाचेत अगदी घट्ट बसणारा पेचकस घ्या. सैल पेचकसाने खाच मोडते आणि मग काहीच चालत नाही. डब्ल्यूडी-४० किंवा रॉकेल सोडून एक रात्र थांबा. दुसऱ्या दिवशी पेचकसावर हातोडीचे दोन हलके ठोके, आणि आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवून मग सोडायच्या दिशेने. चार दिवस रोज थोडं तेल आणि थोडे ठोके दिले की बहुतेक सुटतात. हरवलेल्या स्क्रूच्या जागी हार्डवेअरचा नवा जबरदस्तीने बसवू नका. स्टॅन्लीच्या मुठीचा बोल्ट सुमारे ७/३२ इंच जाडीचा, इंचाला २० आट्यांचा आहे, बाजारातला मेट्रिक त्यात आटे मोडूनच शिरेल. दुसरा मोडका रंधा घेऊन त्याचे सुटे भाग वापरावेत.

धार कशी लावायची? महागडे दगड लागतात का?

नाही. किचनचा ओटा बसवणाऱ्याकडून पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा फूटभर तुकडा मागून आणा. त्यावर पाणी टाकून वॉटर पेपर चिकटतो.

पहिलं काम सपाट बाजूचं. टोकाकडचे तीन सेंटिमीटर पेपरवर पूर्ण टेकवून घासा: २२०, ४००, १०००, शेवटी २०००. सुरुवातीला मधे निस्तेज डाग राहतात. ते नाहीसे होऊन धारेच्या रेषेपर्यंत सलग चमक आली की थांबा. माझ्या पहिल्या पटाशीला या एका बाजूला दोन संध्याकाळी लागल्या. हे काम जन्मात एकदाच करायचं असतं, म्हणून कंटाळू नका. धारेला दोन बाजू असतात आणि लोक उताराच्याच बाजूला घासत बसतात, म्हणून धार येत नाही.

मग उतार. सुमारे २५ अंशांचा मुख्य उतार, आणि टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी. पातं पुढे-मागे नेताना मनगट हलू द्यायचं नाही, अंग हलवायचं. थोड्या वेळाने सपाट बाजूला बोट आडवं फिरवलं की टोकाशी खरखर लागते. ती पूर्ण रुंदीभर लागली म्हणजे पेपर धारेपर्यंत पोचला. आता बारीक पेपर, सपाट बाजूला एक-दोन घासे, आणि जुन्या चामडी पट्ट्यावर उलटं ओढून खरखर काढा. फणसाच्या फळीच्या टोकावर, जिथे रेषे उभे दिसतात तिथे, कापून बघा. पिवळाधमक गुळगुळीत काप दिसला तर धार लागली. तिथे भुगा पडत असेल तर परत ग्रॅनाइटकडे.

विजेच्या सहाणेवर घेत असाल तर दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. टोक निळं पडलं म्हणजे पोलाद ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलं आणि त्याचं पाणी उतरलं. तेवढा निळा भाग घासून टाकण्यावाचून उपाय नाही.

करवतीचे दाते घरी लावता येतील का?

येतील, पण पहिली करवत जुन्या मेस्ताजवळ बसून लावा. क्रम असा: सपाट कानशीने सगळे दाते एका उंचीवर आणायचे, एक सोडून एक दाता डावी-उजवीकडे फाकवायचा, मग तिकोनी कानशीने प्रत्येकाला धार. रेषांच्या दिशेने उभं चिरायच्या करवतीचे दाते पटाशीसारखे सरळ कानसायचे, आडवं कापायच्या करवतीचे तिरके, सुरीसारखे. पातं साफ करताना पेपर ठोकळ्यावर लावून हलक्या हाताने, कारण डिस्टनसारख्या करवतींच्या पात्यावर कंपनीचं चित्र कोरलेलं असतं आणि ते कागदाइतकंही खोल नसतं.

मूठ किंवा दांडा नवा करायचा तर कुठलं लाकूड?

पेरू, चिंच, बाभूळ. ही चिवट लाकडं हातोड्याचा धक्का सोसतात. पटाशीच्या मुठीला शिसवीचा जुना तुकडा मिळाला तर सुंदर. सागवान दांड्याला नको, तडकतं. लाकूड किमान वर्षभर सावलीत वाळलेलं हवं, आणि दांडा बसवायचा तो एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी, लाकूड सुकं असताना. पावसाळ्यात घट्ट बसवलेला दांडा उन्हाळ्यात खुळखुळतो. हातोडा पाण्यात बुडवून दांडा फुगवायची सवय सोडा, दोन दिवसांनी तो आधीपेक्षा सैल होतो. पाचर नवी ठोका.

मूठ फुटली नसेल तर बदलू नका. शेंबी, म्हणजे मुठीच्या टोकाचं धातूचं कडं, सैल असेल तर मुठीच्या टोकाला कागदाचा एक वेढा देऊन ती परत बसते. कोमट पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने मळ काढा, वाळवा, आणि अळशीचं तेल, म्हणजे रंगाच्या दुकानातलं बेलतेल, बोटाने चोळा. वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेतं. ती दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका. लाखेचं पॉलिश करणार असाल तर नोव्हेंबर ते मे. दमट हवेत लाख पांढरी पडते.

मुठीतून पिठासारखा भुसा पडतो.

भुंगेरा आहे. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरतं. ती वस्तू तोवर बाकीच्या पेटीपासून लांब ठेवा.

आदोळी म्हणजे विळी, कोयता, माडी काढणाऱ्या रेंदेराची काती, यांनाही हेच नियम?

गंज आणि धारेचे नियम तेच, तेल वेगळं. ज्या पात्याला खाणं लागतं त्याला बेलतेल किंवा यंत्राचं तेल नको, खोबरेल लावा. आदोळीच्या खोवणीचे दाते तिकोनी कानशीने एकाच बाजूने लावायचे. आणि ही हत्यारं हौशी लोकांनी सुताराच्या हत्यारांइतकीच मनावर घ्यावीत, असं मला फार वाटतं. स्टॅन्लीचा रंधा जगात लाखोंनी आहे. गावच्या लोहाराने एका रेंदेराच्या हाताला बेतून घडवलेली काती एकच असते, आणि ती गेली की तिचा आकारही जातो. बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेलं 'गोवा चित्र' संग्रहालय बघून या. तिथे शेतीची आणि कारागिरांची हजारो जुनी अवजारं आहेत. कुठल्या धंद्याला काय लागायचं हे तिथे डोळ्यांना कळतं.

खंडेनवमीला पूजेत मांडलेल्या हत्यारांवर डाग पडले. टाळायचे कसे?

गंध ओलं असतं, फुलं ओली असतात, आणि रात्रभर तो ओलावा पोलादावर बसतो. पूजेच्या आधी पात्यांना तेलाचा पातळ हात द्या, गंध-कुंकू मुठीच्या लाकडाला लावा, फूल पात्यावर न ठेवता शेजारी ठेवा. दुसऱ्या दिवशी हत्यारं उचलताना पुसून तेल. आमच्याकडे वर्षातून एकदा सगळी पेटी बाहेर येते ती याच दिवशी, त्यामुळे तपासणीही तेव्हाच होते.

पावसाळ्यात काय करायचं?

खरी कसोटी ही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते, आणि साठाच्या वर गेली की गंज वेग घेतो. समुद्राजवळ राहत असाल तर मीठ आणखी.

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, मिरची-आमसुलं भरता तेव्हाच, मेच्या शेवटी, हत्यारांचंही उरकून घ्या. मेण आणि टर्पेंटाइन यांचं मलम करून पात्यांना चोळा, तेलापेक्षा ते जास्त टिकतं. मेण गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं, उघड्या आगीवर नाही, आणि टर्पेंटाइन चुलीपासून लांब नेऊन घालायचं. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका. हत्यारं चामड्याच्या म्यानात किंवा स्पंजवर ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. आपल्याकडे कपड्यांच्या कपाटात बल्ब लावायची रीत आहे, ती हत्यारांनाही चालते, पण बल्ब तारेचा हवा. एलईडीने ऊब मिळत नाही. दर पंधरा दिवसांनी पेटी उघडून हात फिरवा. गंज डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागतो.

मुठीवर कोणाची तरी अक्षरं कोरलेली आहेत. घासून काढू का?

नका काढू. चार-पाच मेस्त एकाच कामावर असले की हत्यारं मिसळायची, म्हणून प्रत्येकजण आपली खूण करायचा: एखादं अक्षर, तीन रेघा, शेंबीजवळ खाच. एका रंध्याच्या मुठीवर मी दोन वेगळ्या हातांची अक्षरं पाहिली आहेत, पहिल्यावर रेघ मारून शेजारी दुसरं. मुलाला मिळाला की विकला गेला, कोण जाणे. तसंच मुठीवर अंगठ्याने पडलेला खळगा. तो भरून सपाट करणारे लोक आहेत. तुमचा अंगठा त्यात ठेवून बघा, पकड कशी धरायची हे तो खळगाच सांगतो. हत्याराला धार असावी, गंज नसावा, जोड घट्ट असावेत. त्यापलीकडे जे आहे ते त्याच्या आधीच्या धन्याचं आहे.

शंभर वर्षांपूर्वीचं हत्यार परदेशातल्या नातेवाइकाला पाठवता येईल का?

सांभाळून. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या आणि कारागिरीच्या वस्तू येऊ शकतात, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. जुन्या पट्ट्यांवर कधी हस्तिदंत असतो, त्याला वन्यजीव कायदा लागतो. शंका असेल तर पाठवायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडून लेखी घ्या.

माझ्याकडे एक वस्तू आली आहे, ती कशासाठी आहे तेच कळत नाही.

साफ करू नका, आहे तशी ठेवा. फोटो काढा, लांबी-रुंदी लिहा, कुठल्या घरातून आणि कुठल्या पेटीतून आली ते लिहा. मग ती पिशवीत घालून एखाद्या म्हाताऱ्या मेस्ताकडे जा, आणि हे काय आहे असं विचारायच्या आधी ती त्यांच्या हातात द्या. माझ्याकडच्या एका वाकड्या, अर्धगोल पात्याच्या पटाशीला वर्षभर नाव नव्हतं. डिचोलीकडच्या एका मेस्तांच्या हातात ती दिली. नव्वदीच्या जवळचे, दिसणं कमी झालेलं. त्यांनी मूठ तळव्यात फिरवली, पातं उलटं केलं, आणि सोप्यावरच्या पाटाच्या कडेवर हवेत एक गोल काप घेऊन दाखवला. देव्हाऱ्याच्या कमानीची आतली बाजू त्याने कोरायची. मग त्यांनी मुलाला आत पाठवून तसलीच, पण दोन बोटं बारीक, दुसरी मागवली. जाताना वही बरोबर न्या.